पट्टी क्रमांक चौदा

माणसं खोटं बोलतात आणि हजेरीपुस्तकं त्याहून सफाईनं खोटं बोलतात, म्हणून सरकारनं शेवटी कातडीलाच विचारायचं ठरवलं. त्या ठरावामुळे मला ही नोकरी मिळाली. मी तेजस्विनी मगदूम, शुश्रूषागृह मूल्यमापन अधिकारी, सांगली जिल्हा. हुद्दा ऐकायला भारदस्त आहे. काम एवढंच, की म्हाताऱ्या, आजारी माणसांना सांभाळणाऱ्या संस्थांमध्ये जायचं, तिथे त्यांना खरोखर सांभाळतात का ते बघायचं आणि अ, ब किंवा क अशी श्रेणी द्यायची.

२०४१ सालापर्यंत आमच्या जिल्ह्यात अशी गृहं सत्तरच्या वर गेली होती. तीन रहिवाशांमागे एक शुश्रूषक हवा असा कायदा होता आणि तो मोडायच्या युक्त्याही तितक्याच होत्या. आमची गाडी फाटकात शिरली की आजूबाजूची मंडळी निळे गणवेश चढवून ओळीत उभी राहत. एका गृहात तर मला आदल्याच आठवड्यात दुसऱ्या गावात भेटलेली बाई पुन्हा भेटली. तिनं नाव बदललं होतं, पण कपाळावरचं गोंदण बदलायचं बिचारीच्या लक्षात आलं नव्हतं.

यावर उपाय म्हणून आली स्पर्शपट्टी. दिसायला साधी, मनगटाला बांधायची रबरी पट्टी. ती कातडीवर एक अतिशय क्षीण विद्युतसंकेत सोडते. माणसाचं अंग म्हणजे बरंचसं मीठपाणीच, त्यामुळे संकेत अंगभर पसरतो, हवेत मात्र फारसा जात नाही. पट्टी बांधलेल्या एकानं दुसऱ्याला हात लावला की संकेत एका अंगातून दुसऱ्या अंगात उतरतो. कोणी कोणाला किती वेळ हात लावला हे पट्ट्यांना असं कळतं, अगदी पातळ हातमोज्यातूनसुद्धा.

पण नुसता हात लावणं म्हणजे शुश्रूषा नव्हे. हात तर पाकीटमारही लावतो. आपल्या कातडीत काही बारीक मज्जातंतू असे असतात की त्यांना टोचणं, चिमटा यांचं काही सोयरसुतक नसतं. हाताइतका ऊबदार आणि सेकंदाला तीनेक सेंटिमीटर असा सावकाश सरकणारा स्पर्श झाला की ते जागे होतात. आई तान्ह्या बाळाच्या पाठीवरून हात फिरवते, तोच हा वेग. हात कुठे लागला यापेक्षा तो लागल्यावर कसं वाटलं, हे जिथे ठरतं त्या मेंदूच्या भागाकडे हे तंतू निरोप नेतात. मग नाडी सैलावते, तळव्यांचा घाम कमी होतो. पट्टी तेही टिपते. म्हणजे हात लागल्यावर समोरचा माणूस निवांत झाला की दचकला, याचीसुद्धा नोंद होते.

पंधरा दिवस गृहातल्या प्रत्येकानं, अगदी स्वयंपाकिणीनं आणि मालकानंही, पट्टी बांधायची. पट्टीवर नाव नाही, फक्त क्रमांक. कोण नोकर आणि कोण रहिवासी हे यंत्रणेला मुद्दाम सांगितलेलं नसतं. ते तिनंच ओळखायचं. ज्याच्याकडून काळजी बाहेर जाते तो शुश्रूषक, ज्याच्याकडे येते तो रहिवासी आणि दोन्ही नाही तो इतर कामाचा. सोपं आहे. मला तरी त्या फेब्रुवारीपर्यंत सोपंच वाटत होतं.

त्या महिन्यात माझ्या टेबलावर शेवंताबाई चौगुले शुश्रूषागृहाचा अहवाल आला. मालगाव रस्ता, मिरज. रजिस्टरप्रमाणे रहिवासी सत्तावीस, शुश्रूषक नऊ. यंत्रणेप्रमाणेही रहिवासी सत्तावीस, शुश्रूषक नऊ. इतका तंतोतंत जुळलेला आकडा मी तीन वर्षांत पाहिला नव्हता. आणि पट्टी क्रमांक चौदानं तर कमालच केली होती. दिवसाचे सहा-साडेसहा तास त्या हातांनी कोणाला तरी धरलेलं होतं, आणि शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा समोरच्याची नाडी सैलावली होती. हा जिल्ह्याचा विक्रम होता. मी खूश झाले, प्रशस्तिपत्रक छापून घेतलं, एक लाल गुलाब घेतला आणि मिरजेला निघाले. सत्कार केल्याशिवाय सरकारी काम पुरं झाल्यासारखं मला वाटत नाही.

गृहाचा व्यवस्थापक किरण चौगुले, शेवंताबाईंचा नातू. पस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा, सरकारी माणूस दिसला की शर्टाचं वरचं बटण लावणारा. अ श्रेणी मिळाली म्हटल्यावर त्यानं ते बटण पुन्हा काढलं.

"चौदा नंबरच्या शुश्रूषकाला बोलवा," मी म्हटलं. "सत्कार करायचाय."

त्यानं पट्ट्या वाटल्याची वही उघडली, बोट खाली नेलं, पुन्हा वर नेलं.

"मॅडम, कायतरी गडबड हाय."

"कसली?"

"चौदा नंबर आमचा स्टाफ न्हाई. पेशंट हाय. वय वर्षं एक्याऐंशी."

मी काही बोलायच्या आत दारात काठी वाजली. पांढरं पातळ, पांढरे केस, पाठ मात्र ताठ. "मला कोणी बोलावलंय? काय ते लवकर सांगा. दहा वाजता कुसुमताईंची कूस बदलायची आहे."

मी खुर्चीतून उठले. म्हणजे मी उठायचं असं ठरवलं नव्हतं, पाय आपोआप उठले. बत्तीस वर्षांपूर्वी मिरजेत नर्सिंग शिकत असताना या आवाजानं माझे पाय असेच उठत. सिस्टर एस्तेर सातपुते. आमच्या शिक्षिका. चादरीचा कोपरा नीट दुमडला नाही म्हणून त्यांनी मला एका दुपारी चाळीस खाटा पुन्हा लावायला लावल्या होत्या आणि त्यानंतर स्वतःच्या डब्यातली पुरणपोळी भरवली होती. मी त्यांना जितकी घाबरत होते तितकाच त्यांच्यावर माझा जीव होता.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मगदूम?"

"हो सिस्टर."

"जाड झालीस." मग गुलाबाकडे बोट. "हा कोणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"मग पाण्यात ठेव, मान टाकतोय," असं म्हणून त्या काठी वाजवत आतल्या वॉर्डकडे निघूनही गेल्या.

आता मला साधं गणित दिसत होतं आणि ते दिसू नये असंही वाटत होतं. यंत्रणेनं नऊ शुश्रूषक मोजले, त्यात एक रहिवासी होती. म्हणजे खऱ्या नऊ शुश्रूषकांपैकी कोणीतरी एक रहिवाशांत मोजला गेला होता. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं होतं आणि आकडा जुळल्यावर कोणी नावं वाचायला गेलं नव्हतं, मीही नाही. मी रहिवाशांच्या नोंदी एकेक करून काढल्या. क्रमांक बावीस. काळजी येते, जात नाही. इतर रहिवासी त्याचे हात हातात घेतात, त्याच्यावरून सावकाश हात फिरवतात. आणि हा रहिवासी रोज दुपारी तीन वाजता इमारतीतून गायब होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परत येतो.

"बावीस कोण?" मी विचारलं.

किरणनं वही बघितली आणि मिटली. "शाहीनमावशी. शाहीन शिकलगार. आठ वर्षं झाली हितं. मॅडम, मला खरंच ठाऊक न्हवतं. वॉर्डात कुणाला जखम न्हाई, कुणाची तक्रार न्हाई. मला वाटायचं, समदं झकास चाललंय."

त्याच्यावर माझा विश्वास बसला. त्याचा चेहरा खोटं बोलायला फार गोल होता.

"आता काय हुणार?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. मी दोन नावं दुरुस्त करायची. दुरुस्ती होताच यंत्रणा आपणहून शेरा मारते: शुश्रूषक असून शुश्रूषा देत नाही, अपात्र. मग दोन वर्षं राज्यातल्या कुठल्याही गृहात शाहीनमावशीला काम मिळणार नाही. नियम बनवणाऱ्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. नुसते गणवेश घालून उभे राहणारे लोक पकडायला तो नियम केला होता आणि मीच त्या समितीत मोठ्या उत्साहानं हात वर केला होता.

"पण नऊला नऊ जुळतंय न्हवं?" किरण हळूच म्हणाला. "मग ऱ्हाऊ द्या की."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. मी स्क्रीनवर चौदा क्रमांकाची नाडी काढली. एखाद्याची कूस बदलताना एक्याऐंशी वर्षांच्या त्या बाईची नाडी मिनिटाला एकशे अठ्ठेचाळीसपर्यंत चढत होती आणि मधूनच ठेका चुकत होता. पंधरा दिवसांत दोनदा ती एकदम तळाला गेली होती, दोन्ही वेळा पहाटे. आणि चौदा क्रमांकाला मिळालेला स्पर्श शून्य होता. पंधरा दिवसांत कोणाचाही सावकाश, ऊबदार हात त्या अंगावरून फिरला नव्हता.

मागच्या वॉर्डात आठ खाटा होत्या, नऊ ते सोळा क्रमांकाच्या. सगळ्या अंथरुणाला खिळलेल्या बायका. सोळा नंबरच्या खाटेवर एस्तेर सिस्टर कुसुमताईंच्या पाठीखाली हात घालून त्यांना वळवत होत्या. कुसुमताईंची उजवी बाजू लुळी होती आणि बोलणं गेलेलं. शेजारी चाळिशीतली एक बाई कोमट पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. भांडं ठेवलं की ती दोन पावलं मागे सरायची आणि दोन्ही हात पाठीमागे बांधायची. टॉवेल दिला, पुन्हा मागे. पावडर दिली, पुन्हा मागे. बाकी सगळं ती चोख करत होती, फक्त माणसाला हात लावत नव्हती.

बारा नंबरच्या आज्जींनी तिला हाक मारली. "ये गं शाहीन. बस हितं." ती बसली. आज्जींनी तिचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि बोटं चोळायला लागल्या, थंडीत मुलांची चोळतात तशी. "गार पडलीत बघ पुन्ना," त्या म्हणाल्या.

मी शाहीनमावशीला बाहेर पडवीत घेऊन आले. नोकरीबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त विचारलं, "हातांना काय झालंय?"

तिनं ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "नऊ नंबरला चंद्राआज्जी हुत्या," ती म्हणाली. "सा वर्षं केलं मी त्यांचं. न्हाणं, माखणं, सगळं. मला शानू म्हणायच्या. दिवाळीनंतरची गोष्ट. बाराला मी त्यांची कूस बदलली, पाणी आणाय वळले आन् परत बघते तर गेल्या. माझ्या हातानं वळवलं आन् गेल्या वो."

"तुमच्यामुळे नाही गेल्या."

"सगळी तेच म्हणत्यात. पर बोटं ऐकत न्हाईत, मॅडम. कुणाला लावाय गेलं की गार पडत्यात. वाटतंय, ह्यांना लावलं की ह्यापण जातील." तिनं डोळे पुसले. "तवापास्नं सिस्टर माझं काम करत्यात. म्हणाल्या, कुणाला सांगू नगंस, मी बघते. मी नगं म्हणते तर वरडत्यात."

"काम सोडावंसं नाही वाटलं?"

"सोडून जाऊ कुठं? ह्या आज्ज्या हितं हायत न्हवं?"

आपण खाटा मोजतो, माणसं मोजतो, तास मोजतो. पण सांभाळलेलं माणूस गेल्यावर सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार, हा रकाना आमच्या कुठल्याच तक्त्यात नाही. इथे तो या खाटांवरच्या म्हाताऱ्यांनी न सांगता भरून काढला होता, आणि यंत्रणेनं इमानदारीनं तसं लिहिलं होतं. शाहीनमावशी त्या वॉर्डातली नववी पेशंटच होती.

सिस्टरना मी वॉर्डाच्या दारात गाठलं आणि बसा म्हटलं. त्या बसल्या नाहीत. मी त्यांना नाडीचा आलेख दाखवला. त्यांनी तो विद्यार्थिनीची वही तपासावी तसा तपासला.

"या दोन पहाटे काय झालं?"

"काही नाही. बाथरूममध्ये जरा टेकले होते."

"टेकला होतात की पडला होतात?"

"टेकताना जमीन जवळ आली, एवढंच."

मला हसूही आलं आणि रडूही. "सिस्टर, मी नावं दुरुस्त करतेय. तुमचं काम आजपासून बंद."

"दुरुस्त केलीस तर ती पोर जाईल."

"नाही केली तर तुम्ही जाल."

"मी एक्याऐंशीची आहे, मगदूम," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझं जाणं वेळेत बसतं. तिचं नाही."

मी मूल्यमापन अधिकारी वगैरे विसरले आणि त्यांची विद्यार्थिनी असल्यासारखी चिडले. म्हणजे पाय आपटायचे तेवढे बाकी ठेवले. तुम्हाला काही झालं तर त्या पोरीला काय वाटेल, तिच्या हातावर दुसरं मरण येईल, असं मी म्हणाले. तेव्हा त्यांनी आलेख पुन्हा हातात घेतला. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे आजार वाचणाऱ्या बाईला आपणही कोणाचं तरी माणूस आहोत याचा विसर पडला होता.

माझ्यापुढे एकच वाट होती. मूल्यमापन अधिकाऱ्याला शंका आली तर स्वतःच्या जबाबदारीवर आधीचे पंधरा दिवस रद्द करून पुन्हा मापन मागवता येतं. कारण लिहून द्यावं लागतं आणि दुसऱ्यांदा जे निघेल ते कोणालाच बदलता येत नाही. मी ते सांगितलं. नवे पंधरा दिवस सोमवारपासून. त्यात सिस्टरनी कोणालाही उचलायचं, वळवायचं नाही. बसून गप्पा मारा, कोणाचा हात हातात घ्या, त्याला कोणाची ना नाही. पण शाहीनमावशीचे हात तोवर सुटायला हवेत. नाही सुटले तर मी काही करू शकणार नव्हते.

सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. "ठीक आहे. पण चार्ज दिल्याशिवाय मी वॉर्ड सोडणार नाही."

नर्सिंगमध्ये हा नियम फार जुना आहे. ड्युटी संपली म्हणून नर्स निघून जात नाही. पुढची येते, मग दोघी मिळून खाटेखाटेपाशी जातात, जाणारी प्रत्येक पेशंटचं सांगते आणि येणारी ते स्वतःकडे घेते. तोवर वॉर्ड जाणारीचाच असतो, घड्याळात कितीही वाजले तरी.

"मला द्या चार्ज," मी म्हटलं.

"तू संध्याकाळी सांगलीला जाशील. चार्ज राहणाऱ्याला देतात."

"मला द्या," किरण मागून म्हणाला.

सिस्टरनी त्याच्याकडे मायेनं बघितलं. "बाळ, थर्मामीटर कुठल्या टोकानं लावतात सांग बघू?" तो पुन्हा वरचं बटण लावायला लागला. मग त्या वॉर्डाकडे वळल्या आणि बत्तीस वर्षांपूर्वीच्या त्याच आवाजात त्यांनी हाक मारली. "शिकलगार!"

शाहीनमावशी धावत आली. आठ वर्षांत तिला कोणी आडनावानं हाक मारली नसावी.

"हात धुऊन ये. चार्ज घ्यायचाय."

"सिस्टर, माझ्यानं न्हाई हुयाचं."

"मी विचारलं नाही. सांगितलं. आणि ऐक, चार्ज कानानं घेत नाहीत, हातानं घेतात. मी पेशंटचं सांगेन, तू पेशंटवर हात ठेवून ऐकायचं. हात ठेवला नाहीस तर मी पुढच्या खाटेवर जाणार नाही. इथेच उभी राहीन."

ही धमकी होती. ज्या बाईला धड उभं राहवत नाही तिनं उभं राहीन म्हटल्यावर दुसऱ्यानं काय करायचं? शाहीनमावशी हात धुऊन आली.

सोळा नंबर. "कुसुम माणगावे," सिस्टर म्हणाल्या. "वय शहात्तर. उजवी बाजू लुळी. दर दोन तासांनी कूस. डाव्या कुशीवर जास्त वेळ आवडतं, कारण तिकडून जास्वंद दिसते. बोलत नाही, पण सगळं कळतं. भात सैल लागतो."

शाहीनमावशीचा हात कुसुमताईंच्या खांद्याच्या चार बोटं वर येऊन थांबला. सिस्टर काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या, मदत केली नाही, घाई केली नाही. मग कुसुमताईंनी आपला चालता डावा हात वर आणला, शाहीनमावशीचं मनगट धरलं आणि तो तळवा स्वतःच्या खांद्यावर दाबून ठेवला. वर तिच्याकडे बघून वाकडं हसल्या. जमतं तेवढंच त्यांना हसता येत होतं.

मला रडू आवरलं नाही. किरण तर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"घेतला?" सिस्टरनी विचारलं.

"घेतला," शाहीनमावशी म्हणाली.

पंधरा. चौदा. तेरा. दर खाटेला हात थोडा कमी थांबत होता. बारा नंबरच्या आज्जी म्हणाल्या, "आता ऊब आली बघ." अकरा नंबरच्या बाईंनी या निमित्तानं पाठ खाजवून घेतली. दहा झालं. नऊपाशी मात्र शाहीनमावशीचे पाय जमिनीला खिळले. तिथे आता सुमन कुलकर्णी म्हणून नव्या आलेल्या बाई होत्या, पण तिला त्या दिसत नव्हत्या हे आम्हाला कळत होतं.

सिस्टरनी एक श्वास घेतला. "बेड नऊ. चंद्राबाई यादव," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं अंथरुणावर. मृत्यू दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी, हृदय बंद पडून. हृदय आधीपासून दमलेलं होतं, डॉक्टरांच्या कागदावर तसं लिहिलंय, तो कागद मी वाचलाय. शेवटची कूस बरोबर बदललेली होती. सहा वर्षांत पाठीवर एकसुद्धा जखम नाही. मी चाळीस वर्षं नोकरी केली, शिकलगार, अशी पाठ मी पाहिलेली नाही." "हा चार्ज मी तुला त्याच दिवशी द्यायला हवा होता. मी तुझं काम करत बसले, पण हे तुला सांगितलं नाही. चुकलं माझं."

शाहीनमावशी मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडली, दिवाळीपासून साठलेलं सगळं. कोणी तिला गप्प केलं नाही. नव्या कुलकर्णीबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी खाटेवरून हात खाली सोडला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. थोड्या वेळानं ती उठली, तोंड धुतलं आणि कुलकर्णीबाईंच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "ह्यांचं सांगा, सिस्टर."

सिस्टरनी सांगितलं. तो हात एकदाही थांबला नाही. मी मोजत नव्हते, पण तो कपाळावरून सावकाश फिरत होता, जसा फिरायला हवा तसाच.

"झाल्या आठ खाटा," किरण सुस्कारा टाकून म्हणाला.

"अजून एक आहे," सिस्टर म्हणाल्या आणि काठी वाजवत वॉर्डाबाहेर पडल्या. आम्ही मागोमाग. समोरच्या खोलीत खिडकीजवळ एक खाट होती, चादर अशी ताणलेली की वर टाकलेलं नाणं उडालं असतं. सिस्टर तिच्या कडेला बसल्या. काठी भिंतीला टेकवली. मग समोर बघत, त्याच कामाच्या आवाजात बोलायला लागल्या.

"बेड अठरा. एस्तेर सातपुते. वय एक्याऐंशी. नाडी अनियमित. दोनदा पडली आहे, कोणाला सांगितलेलं नाही. उजवा गुडघा सुजलेला असतो. झोप तीन तास. पाठीला तेल लावायला हात पोचत नाही, म्हणून लावलेलं नाही. किती दिवस ते आठवत नाही." पुढचं वाक्य त्यांना जड जात होतं. "पेशंट मदत मागत नाही. विचारलं तर नको म्हणते, आणि वर ओरडते. तिकडे लक्ष द्यायचं नाही. तरी करायचं."

शाहीनमावशीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"घेतला चार्ज," ती म्हणाली. मग तिनं कोपऱ्यातली तेलाची बाटली उचलली, हातावर तेल घेतलं, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून कोमट केले. "वळा तिकडं."

"आत्ता नको गं, जेवणं व्हायचीत अजून. बाराला कुसुमताईंची..."

"कुसुमताई माझ्याकडं हायत," शाहीनमावशी म्हणाली. "वळा."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. मग त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून वळल्या.